ड्रॉबॅकचा रकाना

४ फेब्रुवारी

साहेबांनी आज सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, म्हणून ही डायरी उघडली. कपाटात पडून होती, जानेवारी कोराच गेला, पण आजचा दिवस कुठेतरी लिहून ठेवावासा वाटला.

आमची कंपनी लिफ्ट बसवत नाही, बसवलेल्या सांभाळते. मिस्त्री महिन्यातून एकदा प्रत्येक इमारतीत जातात, गच्चीवरच्या मशीनरूमपासून खालच्या खड्ड्यापर्यंत सगळं बघतात आणि मळक्या वहीत मराठीत लिहून आणतात. मी ते इंग्रजी फॉर्मवर उतरवते. फॉर्मला दोन रकाने. पहिला डिफेक्टचा. त्यात काही लिहिलं की लिफ्ट त्याच दिवशी बंद, मेन स्विचला कंपनीचं लाल कुलूप आणि तपासणी खात्याला पत्र. दुसरा रकाना शेऱ्याचा होता, तो रिकामाच राही. साहेब म्हणाले, गेल्या वर्षी लाल कुलपं फार लागली, लोक चिडतात, जरा मऊ शब्द शोधा. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि ‘ड्रॉबॅक्स’ काढला. म्हणजे दोष नव्हे, चालत्या वस्तूची उणी बाजू. आरसा अंधुक झालाय, पंखा कुरकुरतो, बटणावरचा आकडा पुसलाय, हे सगळे ड्रॉबॅक. त्याला कुलूप लागत नाही, पुढच्या भेटीत बघतात. नवे फॉर्म आज छापून आले. साहेब म्हणाले, मॅडमनी एका शब्दात निम्मं काम केलं. एक मार्चपासून मला कायम करायचं पत्रही टाइप होतंय म्हणे.

घरी येऊन आईंना सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. हे गेल्यापासून चार वर्षं घरात आम्ही दोघीच. आईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली, इंग्रजी माझ्याइतकंच येतं, तरी मुद्दाम विचारलं, ड्रॉबॅक म्हणजे काय गं? मी म्हटलं, एरवी चांगल्या असलेल्या गोष्टीत थोडं काहीतरी उणं. “म्हणजे सून,” म्हणाल्या आणि भाजी वाढून घेतली.

९ फेब्रुवारी

मिस्त्री आज आमच्याच इमारतीची नोंद घेऊन आले. आमची लिफ्टही आमच्याच कंपनीकडे आहे. जुनी, दोन जाळ्यांची, सहा माणसांची. वहीत लिहिलं होतं: गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल गळून ब्रेकच्या ड्रमवर येतंय, ड्रमला धरणारे लायनर भिजलेत, ब्रेक पकडत नाही, बंद करा. ‘बंद करा’च्या खाली दोन रेघा.

मी डिफेक्टच्या रकान्यावर पेन टेकवलं, तोच साहेब मागे येऊन उभे राहिले. वहीत डोकावून म्हणाले, लिफ्ट आज चालतेय ना? तुम्ही सकाळी तिनंच उतरलात ना? मग चालत्या वस्तूचं जे उणं त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. हसत म्हणाले. मलाही हसू आलं. ड्रॉबॅकच्या रकान्यात लिहिलं, ‘ब्रेकजवळ किंचित तेल, पुढच्या भेटीत पाहावे.’ इंग्रजीत हे फार सभ्य दिसतं.

मिस्त्रींना इंग्रजी वाचता येत नाही. सही करताना त्यांनी विचारलं, नीट लिहिलंत ना बाई? मी म्हटलं, लिहिलं. यात खोटं काही नाही, लिहिलंच होतं. ते पेन खिशाला लावून लाल कुलूप घ्यायला कपाटाकडे वळले, तेव्हा मात्र सांगावं लागलं की साहेब बघतायत, ते सांगतील. डिफेक्टची नोंद असल्याशिवाय कुलूप मिळत नाही.

संध्याकाळी लिफ्टनं वर आले. एकटीच होते. सहाव्या मजल्यावर ती जराशी वर थांबली. आधीही थांबत असेल. कोण बघतंय?

१२ फेब्रुवारी

ऑफिसातली स्टीलची पट्टी पर्समध्ये घालून आणली होती. परवा अकरा मिलिमीटर, काल चौदा, आज सतरा. मोजताना चौथ्या मजल्यावरचे शिंपीकाका नेमके आले. त्यांना म्हटलं, कानातलं पडलंय. ते बिचारे माझ्याबरोबर वाकून शोधायला लागले. गुडघे धरून उठले तेव्हा मला लाज वाटली, पण कानातलं दोन्ही कानांत आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, म्हणून सुटले.

दुपारी मिस्त्रींना सहज विचारल्यासारखं करून विचारलं, लिफ्ट वर का थांबते. त्यांनी टेबलावर दोन बोटांचा तराजू करून दाखवला. दोराच्या एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला मागचं वजन. ते वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं, साधारण तीन माणसांनी. म्हणून रिकामी लिफ्ट सोडली तर वर जाणार आणि गच्च भरलेली सोडली तर खाली. मी विचारलं, आणि दार उघडं असताना?

“तेव्हा फक्त ब्रेक, बाई,” मिस्त्री म्हणाले. “माणसाचा एक पाय आत, एक बाहेर. त्या वेळी तिला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं.”

मग त्यांनी विचारलं, साहेबांनी कुलूप कधी देतो म्हणून सांगितलं? मी म्हटलं, विचारते.

आज जिन्यानं वर आले. रखवालदाराला सांगितलं, डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत. त्यानं विचारलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

आई रोज चार वाजता खाली जातात. गेटजवळच्या बाकावर त्यांच्या वयाच्या तिघी जमतात आणि अख्ख्या इमारतीची झडती घेतात. आईंचा उजवा गुडघा कामातून गेलाय, त्यांना जिना जमत नाही. म्हणजे लिफ्ट नाही तर बाक नाही.

परवा सांगितलं, लिफ्टमध्ये झुरळांचं औषध मारलंय, दोन दिवस जाऊ नका. काल म्हटलं, खाली ताप पसरलाय. आज काही सुचेना, तर त्यांची खाली जायची चप्पल माळ्यावर टाकली आणि सापडत नाही म्हणाले. आईंनी सगळं घर धुंडाळलं. मी त्यांच्या मागून फिरत पलंगाखाली वाकून बघत होते. मला आतून रडू येत होतं, पण त्यांचा जीव वाचतोय एवढं समाधान होतं. आपल्या माणसाची काळजी आपण नाही घ्यायची तर कोणी?

पट्टी घेऊन गेले होते. एकवीस.

१९ फेब्रुवारी

आज धीर करून साहेबांच्या खोलीत गेले. तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत आले होते. म्हटलं, आमच्या इमारतीचं ते ब्रेकचं जरा वाढलंय, डिफेक्टमध्ये घ्यायचं का? साहेब अजिबात रागावले नाहीत. नवं सील मागवलंय, पुढच्या मंगळवारपर्यंत येईल, असं म्हणाले. आणि आता रकाना बदलला तर खातं पहिला प्रश्न हाच विचारणार की नऊ तारखेला ड्रॉबॅक का लिहिलं. कोणाला विचारणार? “सही मिस्त्रींची, अक्षर तुमचं. माझं त्यात आहे कुठे काय?”

चेष्टेत म्हणाले, असं मला वाटतं. मग ड्रॉवरमधून माझं कायम करायचं पत्र काढून दाखवलं. फक्त सही बाकी आहे. माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का ते बघायला सांगितलं. बरोबर होतं. मी थँक्यू म्हणून बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले.

साहेबांना माझी काळजी आहे, हे खरं आहे. दुसऱ्या कोणी एवढं समजावून सांगितलं नसतं. पाण्यात राहून माशाशी वैर करून कसं चालेल? मंगळवार म्हणजे आठच दिवस. आठ दिवसांत काय होतंय?

आज मोजलं नाही. भीती वाटली.

२१ फेब्रुवारी

शिंपीकाका पडले. चौथ्या मजल्यावर लिफ्ट दोन-अडीच इंच वर थांबली होती. हातात शिवून झालेल्या कपड्यांचा गठ्ठा, पायाखालचं दिसलं नाही, बाहेर पाऊल टाकताना तोल गेला आणि ते समोरच्या भिंतीवर आपटले. हनुवटी फुटली, चार टाके पडले.

मी तेव्हाच जिन्यानं वर येत होते. मीच त्यांना उठवून बसवलं. आमच्या घरातून बर्फ आणायला दोन मजले पळत गेले, तोपर्यंत त्यांची सून आली. शिंपीकाका रक्तानं भिजलेल्या रुमालाआडून म्हणाले, माझंच चुकलं, खाली बघून चालायला हवं होतं. मग माझा हात धरून म्हणाले, “देवासारखी आलीस पोरी.”

तिथे गर्दी होती. गर्दीत काय सांगणार? सून त्यांना खाली घेऊन गेली, लिफ्टनं. जाळी लागल्याचा आवाज आला आणि मी लिफ्ट तळाला पोचेपर्यंत कठड्याला धरून उभी होते. आकडे मोजत होते. पोचली.

रक्त पुसलेला ओढणीचा कोपरा तीनदा धुतला.

२३ फेब्रुवारी

आईंनी सकाळपासून अन्नाला स्पर्श केला नाही. चप्पल त्यांना सापडली. स्टुलावर चढून माळा बघितला त्यांनी, त्या गुडघ्यानं. चप्पल पानाशेजारी आणून ठेवली आणि म्हणाल्या, मी या घरात कैदी असेन तर तसं सांग, म्हणजे मी त्याप्रमाणे वागेन. दहा दिवस मी आकाश खिडकीतून बघतेय. माझा मुलगा असता तर तुझी ही छाती झाली नसती.

शेवटचं वाक्य फार लागलं. त्या रागात मी सांगून टाकलं. सगळं नाही. सगळं सांगितलं असतं तर त्यांना झोप लागली नसती, आणि त्यांचा रक्तदाब आधीच वर आहे. म्हटलं, लिफ्ट मजल्याला नीट लागत नाही, पाय अडखळतो, शिंपीकाका त्यानंच पडले. थोडा ड्रॉबॅक आहे. मंगळवारी दुरुस्त होणार आहे.

आई शांत झाल्या. मला विचारलं, हे तुला कधी कळलं? मी म्हटलं, चौदा दिवस झाले. मग विचारलं, आणि बाकीच्यांना कोणी सांगितलंय? मी म्हटलं, ते माझं काम नाही, साहेबांचं आहे.

आईंनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. एक्सचेंजमध्ये चुकीचा नंबर जोडणाऱ्या मुलींकडे अशाच बघत असणार. मग त्यांनी पान पुढे ओढलं आणि जेवल्या. दोन पोळ्या खाल्ल्या. मला हायसं वाटलं. बऱ्याच दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

२४ फेब्रुवारी

क्रमानं लिहिते.

साडेपाचला आले. तळमजल्यावर पाच-सहा माणसं वैतागून उभी होती. लिफ्ट दुपारपासून वरच अडकलीय, कोणीतरी दार उघडं टाकलंय, असं रखवालदार म्हणाला. दार उघडं असलं की लिफ्ट चालत नाही, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. कोणत्या मजल्यावर, विचारलं. तो म्हणाला, तुमच्या.

मी सहा मजले कशी चढले मला आठवत नाही.

आई लिफ्टच्या दारात बसल्या होत्या. घडीची खुर्ची उंबऱ्यावर मांडलेली, दोन पाय लिफ्टच्या आत, दोन बाहेर फरशीवर. मांडीवर वर्तमानपत्र, डोळ्यांवर चष्मा. मला बघून म्हणाल्या, दीडपासून बसलेय. आता मंगळवारपर्यंत रोज बसणार. मी इथे असताना ती हलणार नाही आणि कोणी पडणार नाही. तुला सांगायची लाज वाटते ना, मग माझी खुर्ची सांगेल.

मी खुर्चीचे पाय बघितले. आतले दोन बाहेरच्या दोनांपेक्षा वर होते. चांगले चार बोटं वर. खुर्ची बाहेरच्या बाजूला कलली होती आणि आई कलत्या खुर्चीत पाय रोवून बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं, ती आधीपासून तशीच थांबलीय. दीड वाजता किती होतं ते मी विचारलं नाही.

ओरडले असते तर त्या दचकून आत गेल्या असत्या. मी अगदी हळू म्हटलं, आई, उठा. नाही म्हणाल्या. आधी खाली जाऊन सगळ्यांना सांग, मग उठते. मी म्हटलं, सांगते, उठा. त्या म्हणाल्या, चौदा दिवस नाही सांगितलंस, आता पाच मिनिटांत सांगणार होय? आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मग मी त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि ओढलं. त्यांचा गुडघा दुमडला, आम्ही दोघी फरशीवर पडलो. त्यांचं वजन उतरल्याबरोबर लिफ्ट वर निघाली. आवाज नाही, झटका नाही. खुर्चीचे आतले पाय तिच्याबरोबर वर गेले, खुर्ची उलटी झाली, लिफ्टच्या तळात आणि जाळीच्या चौकटीत सापडली आणि काड्यांसारखी मोडली. लिफ्ट कमरेएवढी वर जाऊन थांबली. खाली काळं भोक. त्यातून खालच्या माणसांची बोलणी ऐकू येत होती, कोणीतरी विचारत होतं, झालं का चालू?

आईंनी मोडलेल्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मला पाय अडखळतो म्हणून सांगितलंस,” एवढंच म्हणाल्या.

मी मिस्त्रींना फोन केला. पाऊण तासात आले. लाल कुलूप नव्हतं, म्हणून स्वतःच्या सायकलचं कुलूप आणलं होतं. गच्चीवर जाऊन मेन स्विच पाडला, दांड्यात साखळी घालून कुलूप लावलं आणि आमच्याकडे येऊन बसले. हात तेलानं माखलेले. पाणी प्यायले. म्हणाले, मला कळत नाही बाई, डिफेक्ट लिहिलेला असताना साहेबांनी पंधरा दिवस कुलूप कसं दिलं नाही?

फॉर्मची प्रत माझ्या पर्समध्ये होती. नऊ तारखेपासून तीच पर्स वापरतेय. मी ती काढली आणि मिस्त्रींना मराठीत वाचून दाखवली. ड्रॉबॅक. ब्रेकजवळ किंचित तेल. पुढच्या भेटीत पाहावे. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मिस्त्रींनी कागद हातात घेतला, स्वतःची सही शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. तेलाचा ठसा उमटला.

“तेहतीस वर्षं काम करतोय,” ते म्हणाले. “इथे माणूस मेला असता तर ही सही दाखवली असती लोकांनी. माझ्या मुलीला दाखवली असती.”

चहा केला होता. त्यांनी घेतला नाही. ते दारात चपला घालत असताना मी माफी मागितली, तर म्हणाले, मला काय सांगता, ज्यांना सांगायचं त्यांना सांगा.

२५ फेब्रुवारी

सकाळी साहेबांचा फोन. कोणाच्या परवानगीनं कुलूप लावलं? माणूस पाठवतोय, साखळी कापून लिफ्ट चालू करेल, मंगळवारी सील येतंयच. आणि तुम्ही आज ऑफिसला येताय ना, पत्रावर सही करायचीय. मी म्हटलं, साहेब, ब्रेक सुटलाय. ते म्हणाले, असे शब्द फोनवर वापरू नका.

फोन ठेवला आणि तपासणी खात्याला पत्र लिहिलं. इंग्रजीत बसेना, मराठीत लिहिलं. ब्रेक सुटतो, लिफ्ट दार उघडं असताना आपोआप वर जाते, माणूस मरेल. मिस्त्रींनी नऊ फेब्रुवारीला बंद करा म्हणून लिहून दिलं होतं. ते मी लपवलं. खाली नाव, सही, घरचा पत्ता. आईंना वाचायला दिलं. त्यांनी सगळं वाचून फक्त एक वेलांटी दुरुस्त केली.

पण पत्र पोचायला वेळ लागणार आणि साखळी कापणारा दुपारीच येणार. रखवालदाराला सांगून भागलं नसतं, त्याला साहेबांनी हाकललं असतं. आई म्हणाल्या, दारं वाजवावी लागतील. मी म्हटलं, मी जाते, तुम्ही बसा. “तू एकटी गेलीस तर वाटेत तुला काहीतरी बरं सुचेल,” म्हणाल्या.

आई तसल्या गुडघ्यानं जिना उतरायला निघाल्या. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर, प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवून. जिन्यात त्यांचा श्वास फुलला होता आणि खांद्यावर बोटं रुतत होती. आधी पाचवा मजला. प्रत्येक दाराशी घंटा आईंनी दाबली, आणि दार उघडलं की म्हणाल्या, सूनबाईंना काही सांगायचंय. मग गप्प राहिल्या. एक शब्द पुढे टाकला नाही. पहिल्या दारात मी म्हटलं, लिफ्टमध्ये थोडी अडचण आहे. आई तिथून हलल्याच नाहीत. त्या घरातल्या बाई पण हलल्या नाहीत. शेवटी मी नीट सांगितलं. त्या बाईंचं तोंड पांढरं पडलं. सकाळीच त्यांनी मुलाला शाळेत पाठवायला लिफ्टचं बटण दाबलं होतं, कुलूप होतं म्हणून लिफ्ट आली नाही. त्यांनी दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

पाचव्या मजल्यावरची चारही दारं झाली. तोपर्यंत मला एवढं कळलं की भीती कमी होत नाही. घंटा वाजली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

चौथ्या मजल्यावर शिंपीकाकांनी स्वतःच दार उघडलं. हनुवटीवर पट्टी, गळ्यात मोजायची फीत. मला बघून चेहरा उजळला. आत हाक मारून सुनेला सांगितलं, अगं ती आलीय, बर्फवाली, पाणी आण. या बसा म्हणाले.

आईंनी नेहमीचं वाक्य म्हटलंच नाही. बाजूच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. लिफ्टचा ब्रेक गेलाय, तुम्ही पडलात ते त्यामुळे, तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. त्या दिवशी बर्फ आणला, तेव्हाही माहीत होतं.

सून पाण्याचे पेले घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. शिंपीकाकांचा हात हनुवटीकडे गेला. रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. समजत नसल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

मी तारीख सांगितली.